काकाचा एक सीझन

यंदाही राबाचा धूर आला. सकाळी बाल्कनीचं दार उघडलं, आणि शेण, पातेरा आणि माती एकत्र भाजल्याचा तो वास थेट माझ्या लिहिण्याच्या टेबलापर्यंत आला. पूर्वी चैत्रात कर्जतच्या चारी बाजूंनी असा धूर दिसायचा. आता शेतांचे प्लॉट पडले, प्लॉटांवर फार्महाऊस आली, आणि शनिवार-रविवारी येणारी मंडळी धुराबद्दल ग्रामपंचायतीत तक्रार करतात. तरी कोणीतरी कुठेतरी अजून राब भाजतंच. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. भाताची रोपं ज्या तुकड्यात करायची, तिथे उन्हाळ्यात शेण, तोडलेल्या फांद्या, पातेरा म्हणजे वाळका पाला, गवत असे थर रचायचे, वर माती पसरायची आणि ते सगळं सावकाश जाळायचं. पावसाळ्यात त्या काळ्या जमिनीत रोप जोमानं येतं.

टेबलावर कादंबरीचे कागद पडून आहेत. शेवटचं प्रकरण सोडून सगळं झालं आहे. ते प्रकरण मी अकरा वेळा लिहिलं आणि अकरा वेळा फाडलं. प्रकाशक सभ्य गृहस्थ आहेत. "घाई नाही मॅडम, पण पावसाळ्याआधी मिळालं तर बरं," एवढंच म्हणतात. मी हो म्हणते आणि फोन ठेवते. खरं सांगायचं तर मी दमले आहे. शाळेतली नोकरी संपत आली, दहावीचे पेपर तपासून तपासून डोळे गेले, चार पुस्तकं झाली, आणि अजूनही शेवट म्हटला की मी कागद बाजूला सारते.

मागच्या आठवड्यात एका कॉलेजात बोलायला गेले होते. कार्यक्रम संपता संपता मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, तुमच्या लेखनावर कशाचे संस्कार आहेत? लहानपणी काय वाचायचात?" हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेला आहे की उत्तर तोंडपाठ झालंय. गाव, डोंगर, कष्टाळू माणसं, शाळेतलं पुस्तकांचं कपाट. मी तेच म्हटलं. मुलीनं ते वहीत उतरवून घेतलं. रिक्षातून परत येताना तिची ती खाली घातलेली मान डोळ्यांपुढून जाईना. शाळेत पुस्तकांचं कपाट होतं हे खरं, पण त्याची किल्ली हेडमास्तरांकडे असायची आणि ते कपाट उघडल्याचं मला आठवत नाही.

मी वाढले ती माथेरानच्या हॉटेलात लोक विसरून गेलेल्या पुस्तकांवर.

आमचं गाव माथेरानच्या डोंगराच्या पायथ्याशी, चौक गावाच्या बाजूला. आई मी कळती होण्याआधीच गेली. वडील खोपोलीला कारखान्यात पाळ्यांवर, तिथेच एका खोलीवर राहायचे. मला सांभाळलं काका-काकूनं. त्यांना मूलबाळ नव्हतं. काका वर माथेरानला एका हॉटेलात कामाला होता. वर गाडी जात नाही, आणि आमच्या गावच्या माणसांना मिनी ट्रेनचं कौतुक कधी नव्हतंच. ती पायवाटेनं डोंगर चढून कामाला जायची. दिवाळीत आणि उन्हाळ्यात वर सीझन. म्हणजे जेव्हा जेव्हा गावात काही करायचं असायचं, कापणी असो, आंबे उतरवणं असो, राब असो, तेव्हा काका हमखास वर. जूनमध्ये हॉटेल बंद झालं की पत्र्याची ट्रंक डोक्यावर घेऊन तो खाली उतरायचा.

हॉटेलात एक कपाट होतं. पाहुणे जे विसरून जातील ते त्या कपाटात ठेवायचं, नोंद करायची, आणि या सीझनपासून पुढच्या सीझनपर्यंत वाट बघायची. कोणी पत्र पाठवलं, माणूस पाठवला, तर वस्तू परत. नाहीतर हॉटेल बंद व्हायच्या दिवशी सगळी नोकर मंडळी कपाटासमोर उभी राहायची, आणि जुना नोकर आधी या क्रमानं ज्यानं त्यानं एकेक वस्तू उचलायची. एकच. छत्र्या, बॅटऱ्या, थर्मास, स्वेटर, एकदा तर चांगला चामडी पट्टा. माझा काका, ज्याला अक्षर वाचता येत नव्हतं, पुस्तक उचलायचा.

काकूचं तोंड मग दोन दिवस बंद व्हायचं नाही. "लोकांनी छत्र्या आणल्या. पाऊस तोंडावर आलाय नि आमच्याकडं कागद आला," ती चुलीशी बसून सगळ्या घराला ऐकू जाईल असं म्हणायची. काका हसून माझ्याकडे बघायचा. आणि खरंच, पावसाळाभर तो डोक्यावर पानांचं इरलं घेऊनच फिरायचा.

पहिल्या खेपेला त्यानं गुजराती पुस्तक आणलं. मी तिसरीत होते. मला एक अक्षर लागेना आणि मी रडायला लागले. त्याचा चेहरा एवढासा झाला. मग मी त्याला आमचं शाळेचं मराठीचं पुस्तक दाखवलं. "काका, हे बघ, आपल्या अक्षरांना वर रेघ असते. याला नाय." त्यानं अंगठा त्या रेघेवरून दोनदा फिरवला. पुढल्या वर्षीपासून तो कपाटासमोर पुस्तकं उघडून आधी वरची रेघ बघायचा. त्यामुळे माझ्या वाट्याला दोन हिंदी पुस्तकंही आली. ती मी तशीच वाचली, अर्धी कळून आणि अर्धी न कळून. पुढे शाळेत हिंदी आलं तेव्हा मास्तरांना वाटलं, ही पोर हुशार आहे.

त्या पुस्तकांची एक गंमत होती, जी मला फार उशिरा कळली. ती बहुतेक अर्धवट वाचलेली असायची. एका ठराविक पानापर्यंत कागद मऊ, कोपरे दुमडलेले, कुठे चहाचा डाग. मग त्या पानावर काहीतरी खूण. रेल्वेचं तिकीट, केसाची पिन, वाळलेलं पान. आणि तिथून पुढे कागद कोरा करकरीत. म्हणजे या पाहुण्यानं इथे पुस्तक मिटलं, ते पुन्हा उघडलं नाही, आणि जाताना त्याची आठवणही राहिली नाही. मी त्या पानाशी आले की थांबायचे. इथे असं काय झालं की माणूस उठून गेला, हे शोधायचे. लांबलचक वर्णन असायचं, नाहीतर कोणी म्हातारा उपदेश करत असायचा. मी अजून लिहिताना तसंच करते. पन्नाससाठ पानं झाली की माझं मलाच वाटायला लागतं की आता कोणीतरी पुस्तक उशाशी ठेवून पॉइंट बघायला गेलं. समीक्षक लिहितात, लेखिकेची प्रकरणं आटोपशीर असतात. आटोपशीर कसली, ती भीती आहे.

पुस्तकांतली माणसं मुंबईत, पुण्यात, बंगल्यांत राहायची. मी बंगला आतून पाहिलेला नव्हता. मग मी त्यांना काकाच्या हॉटेलात ठेवायचे. काका रूमवर कामाला होता, त्यामुळे खोल्यांची बारीकसारीक माहिती त्याच्याकडून मिळायची. डाव्या हाताला पलंग, समोर दरीची खिडकी, माकडं येतात म्हणून खिडकीला जाळी, कोपऱ्यात पाण्याचा जग. पाहुणे गेल्यावर खोली आवरताना त्याला काय काय दिसलं हेही तो सांगायचा. "दोन कप चहा दिलेला. एक तसाच, साय धरलेला. रात्री भांडली असतील गं." माणसं काय बोलली यापेक्षा मागे काय ठेवून गेली यावरून ती ओळखायची, हे मी त्याच्याकडून शिकले, आणि मला वाटतं मी एवढंच शिकले. माझी पात्रं कुठे स्थिरावत नाहीत, उपऱ्यासारखी राहतात, असा माझ्यावर नेहमीचा आक्षेप आहे. बरोबर आहे तो. ती सगळी अजून त्याच खोलीत राहतात आणि दहा वाजता त्यांना खोली सोडायची असते.

आता त्या एका उन्हाळ्याबद्दल. चाळीस वर्षं मी त्याच्याबद्दल लिहिलं नाही.

सातवीची परीक्षा झाली होती. घरातली सगळी पुस्तकं माझी पाठ झाली होती. काकानं दिवाळीतच कबूल केलं होतं की परीक्षा झाली की जाडजूड पुस्तक आणीन. एप्रिलच्या मध्याला तो एका दिवसासाठी खाली आला, आणि सदऱ्याच्या आतून त्यानं जे पुस्तक काढलं ते खरोखरच विटेएवढं होतं. वर रेघ होती. तेव्हा मला कळलं नाही, पण ते कपाटातलं नव्हतंच. पाहुणे दोन दिवसांपूर्वी गेले होते आणि पुस्तक पलंगाखाली सापडलं होतं. नोंद व्हायच्या आधीच त्यानं ते सदऱ्यात घातलं. इतक्या वर्षांत पुस्तकासाठी कोणी परत आलेलं त्यानं पाहिलं नव्हतं. छत्रीसाठी लोक पत्रं पाठवायचे, पुस्तकासाठी कधीच नाही.

पहिल्या पानावर शाईनं दोन ओळी होत्या. कोणीतरी कोणालातरी लग्नाच्या वाढदिवसाला ते पुस्तक दिलं होतं. त्या दोन ओळी मी पुस्तकाचाच भाग समजून वाचल्या.

आठ दिवसांनी भर दुपारी काका दारात उभा. घामानं निथळत. "पुस्तक दे गं पोरी. पुस्तक विसरलेल्या बाईंचा माणूस आलाय वर, न्यायला थांबलाय."

माझी साधारण नव्वद पानं राहिली होती. गोष्ट दोन भावांची होती. भांडून घर सोडून गेलेला थोरला कुठे आहे हे आत्ता कुठे कळायला लागलं होतं. मी त्याच्याकडे बघितलं आणि म्हटलं, "मैत्रिणीला दिलंय वाचायला. ती गेली पनवेलला, मामाकडं."

पुस्तक तांदळाच्या पत्र्याच्या कोठीत होतं. काकानं अंगणातूनच पुस्तकाचं विचारत हाक मारली, तेव्हाच मी कोपरापर्यंत हात घालून ते आत खुपसलं होतं. माझ्या हातांना तांदळाचा पांढरा भुगा लागला होता. काकानं हातांकडे बघितलं नाही. तांब्याभर पाणी प्याला, आणि आला तसा डोंगराकडे चालू लागला. मी ठरवलं होतं की उद्या वाचून संपवायचं आणि परवा मैत्रीण आली म्हणून सांगायचं.

दुसऱ्या दिवशी गोठ्यामागे बसून मी ते संपवलं. शेवट मला अजिबात आवडला नाही. थोरला भाऊ एका संध्याकाळी घरी येतो, पायांवर पाणी घेतो आणि जेवायला बसतो. संपलं. मला वाटलं होतं की काहीतरी मोठं होईल, कोणी मरेल, कोणी कोणाच्या पाया पडेल. मी पुस्तक पुन्हा कोठीत ठेवलं. परवा उजाडला आणि काका ट्रंक डोक्यावर घेऊन खाली आला. सीझन ऐन भरात असताना. "काढलं," तो काकूला म्हणाला, आणि ट्रंक कोपऱ्यात ठेवून विहिरीवर गेला. आता पुस्तक बाहेर काढणं म्हणजे मी काय केलं ते सांगणं होतं, आणि त्याचा उपयोगही संपला होता. त्या माणसाला काय थांबायचं होतं, तो गेला होता.

तो सगळा उन्हाळा काका घरी होता. पहिल्यांदाच. त्यानं आंबे स्वतः उतरवले. काकू खाली गोणपाट धरून उभी, आणि एरवी जिच्या तोंडाला खळ नाही ती काहीबाही गुणगुणत होती. राब भाजायचा दिवस मला लख्ख आठवतो. शेजाऱ्यांची पोरं वाऱ्याच्या बाजूनं पेटवायला निघाली, तर काकानं त्यांना थांबवलं. "वाऱ्याच्या उलट लावायची रं. म्हंजे ती पळत नाय. हळू हळू खात येते, खालची माती भाजते." मी बांधावर बसले होते. सगळं छान होतं आणि मी दुपारची भाकरी तशीच गुंडाळून ठेवली. काकूला वाटलं, मला ऊन बाधलं.

पुढच्या वर्षी दुसऱ्या एका हॉटेलानं त्याला घेतलं, पण रूमवर नाही. भांड्यांवर. उरलेली सगळी नोकरी त्यानं भांडी घासण्यात काढली. तिथे कपाट होतं की नव्हतं, मी विचारलं नाही. पुस्तकं यायची बंद झाली. मी शिकायला पनवेलला गेले तेव्हा ते जाड पुस्तक माझ्याबरोबर गेलं, लग्न होऊन कर्जतला आलं, आणि दर घर बदलताना मी ते सगळ्यात खाली भरलं. आणि जेव्हा जेव्हा मी स्वतःच्या गोष्टीचा शेवट लिहायला बसते तेव्हा मला काका ट्रंक घेऊन उतरताना दिसतो, आणि मी लिहिलेल्या ओळीकडे बघून वाटतं, एवढ्यासाठी? अकरा वेळा फाडण्याचं कारण हे आहे. त्या कॉलेजातल्या मुलीला मी हे सांगायला हवं होतं.

म्हणून परवाच्या रविवारी मी ते पुस्तक पिशवीत घातलं आणि गावी गेले.

काका आता अठ्ठ्याहत्तरचा आहे. शेत बरंचसं विकलं गेलंय. घरापुरत्या भाताचा एक तुकडा ठेवलाय आणि त्याचा राब तो अजून स्वतः रचतो. मी पोचले तेव्हा तो वरची माती सारखी करत होता आणि काकू आंब्याखाली बसून त्याच्या चुका काढत होती.

"पुस्तक झालं का गं तुझं?" त्यानं विचारलं.

"नाही. शेवट जमत नाही." मी पिशवीत हात घातला. "काका, हे तुझं पुस्तक."

त्यानं हात सदऱ्याला पुसले. पुस्तक घेतलं, मधेच उघडलं आणि अंगठा ओळीवरून फिरवला. "रेघ हाय वर," तो म्हणाला. मग ते हातात तोलून पाहिलं आणि थांबला. "हे तेच?"

"तेच."

"पनवेलला गेलं व्हतं ना?"

"कुठे गेलं नव्हतं. तू आलास तेव्हा घरातच होतं. कोठीत, तांदळात. माझी थोडी पानं राहिली होती." एवढं बोलायला मला चाळीस वर्षं लागली होती आणि ते चार श्वासांत संपलं. मला रडू आलं. या वयात, भर उन्हात, शेताच्या बांधावर.

काकानं पुस्तक मिटलं. काकू आंब्याखालून बोलली.

"या घरात कोठीतनं तांदूळ कोण काढायचं?" ती म्हणाली. "मला त्याच दिशी सांजच्याला घावलं. मापटं घातलं नि खट्ट वाजलं."

काकानं वळून तिच्याकडे बघितलं. "मंग बोलली नायस?"

"सांज झालेली, तुमी वर पोचलेले. दुसऱ्या दिशी सकाळी न्यायला निघाले व्हते, खरंच निघाले व्हते. वेशीपर्यंत गेले. मंग म्हनलं, का नेऊ? लगीन झाल्यापास्नं एक उन्हाळा घरी व्हतात का तुमी? आंब्याला गडी बोलवा, राबाला गडी बोलवा. म्हनलं, हू दे काय व्हायचं ते. एक सीझन तरी घरी राहतील. मागारी आले नि पुस्तक व्हतं तिथं ठेवलं."

"चोर म्हनले मला तिथं," काका म्हणाला. आवाज चढवला नाही. "समद्यांच्या म्होरं. ट्रंक उघडून बगितली माझी."

तोंड पुसायला घेतलेला काकूचा पदर हातातच राहिला. "हे तुमी आज सांगताय."

"मंग काय सांगायचं व्हतं?"

हायवेवरून ट्रक जात होते, त्यांचा आवाज येत होता. मला वाटलं, मी आले नसते तर बरं झालं असतं. माझं मन हलकं करायला मी या दोघांच्या मध्ये म्हातारपणी हे आणून ठेवलं. काकानं वाऱ्याचा अंदाज घ्यायला चिमूटभर माती वर उडवली, आणि उलट्या बाजूनं जाऊन राब पेटवला. धूर आधी पांढरा आला, मग जाड झाला. मग काका परत आला आणि माझ्या शेजारी बांधावर बसला. पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं.

"वाच," तो म्हणाला.

दर वर्षी त्यानं डोंगरावरून पुस्तक वाहून आणलं, पण मी त्याला एकही ओळ कधी वाचून दाखवली नव्हती. त्यानं मागितलं नव्हतं आणि मला सुचलं नव्हतं. मी विचारलं, "कुठून वाचू?"

"शेवट वाच. तेवढ्यासाठीच ठेवलंवतंस ना?"

मी शेवटची दोन पानं वाचली. दोन भाऊ आहेत, थोरला रागानं निघून गेला होता, एवढं आधी सांगितलं. मग वाचलं की संध्याकाळ झाली आहे, दारात कोणीतरी उभं आहे, आतून कोणी विचारत नाही की कोण. तो पायांवर पाणी घेतो. ताट आधीच वाढलेलं आहे. तो बसतो. काकू आंब्याखालून उठून कधी जवळ आली ते मला कळलं नाही. पुस्तक मिटलं तेव्हा ती काकाच्या पलीकडे बसलेली होती.

"संपलं?" काकानं विचारलं.

"संपलं. एवढंच आहे."

तो राबाकडे बघत होता. आग धावत नव्हती, सावकाश पुढे येत होती.

"त्या पुस्तकवाल्या बाई असतील का गं अजून?" त्यानं विचारलं, आणि माझ्या उत्तराची वाट न बघता म्हणाला, "परत वाच. पायावर पानी घेतो तिथनं."

मी पान मागे उलटलं आणि तिथून परत वाचायला लागले.